पहिला शब्द कोणाचा?

दर रविवारी सकाळी विहारात वंदना आटोपली की मंडळी उठतात, चपला शोधतात आणि आपापल्या कामाला पांगतात. आम्ही सात-आठ जण मात्र मागे राहतो. एक सतरंजी तशीच अंथरलेली ठेवायची, कोपऱ्यावरच्या टपरीवरून चहा मागवायचा आणि बारा वाजेपर्यंत बोलत बसायचे, असा आमचा गेल्या काही वर्षांचा नेम आहे. आमच्यात गिरणीतून बाहेर पडलेले एक काका आहेत. बसवर कंडक्टर म्हणून नोकरी झालेले एक दादा आहेत. सफाई खात्यातले दोघे आहेत. एक अंगणवाडीच्या ताई, चार घरची धुणीभांडी करणाऱ्या एक मावशी, आणि एम.ए. करणारी, वसाहतीतलीच एक मुलगी. फार शिकलेले असे आमच्यात ती मुलगी सोडली तर कोणी नाही. पण बाबासाहेबांनी 'शिका' म्हणताना वयाची अट घातली नव्हती, एवढे आम्हाला पक्के ठाऊक आहे.

आधी आम्ही नुसते वर्तमानपत्र वाचत असू. एकाने मोठ्याने वाचायचे, बाकीच्यांनी ऐकायचे आणि मग वाद घालायचा. मागच्या पावसाळ्यात त्या मुलीने झेरॉक्सची एक जाडजूड चळत आणली आणि म्हणाली, "काका, आम्हाला कॉलेजात क्रिटिकल थिअरी लागली आहे. सर शिकवतात ते डोक्यावरून जातं. तुमच्याशी बोलले तर मला कळेल असं वाटतं."

मावशींनी विचारले, "म्हणजे काय गं ते?"

"चिकित्सा, मावशी. समाजाची चिकित्सा."

"डॉक्टर करतात तशी?"

"तशीच. ताप आला तर नुसती गोळी द्यायची नाही, ताप का आला ते बघायचं."

तेथून आमचे रविवार बदलले. त्या चर्चेतून आम्ही काय शिकलो, आणि शिकता शिकता आमच्याच हातून झालेली कोणती चूक आम्हाला दिसली, ते वाचकांपुढे ठेवावे म्हणून हा लेख.

पहिल्या दोन रविवारी मुलीने जर्मनीची गोष्ट सांगितली. फ्रँकफर्ट शहरात १९२३ साली समाजाचा अभ्यास करणारी एक संस्था निघाली. तेथल्या विद्वानांपुढे मोठा प्रश्न होता. जे कष्टकरी एक व्हायला हवेत, त्यांच्यातलेच कित्येक हिटलरच्या मागे का जातात? पोटाचे हित एकीकडे आणि मन दुसरीकडे, असे का होते? १९३३ साली हिटलर सत्तेवर आला आणि ती संस्था बंद पडली. विद्वानांना देश सोडावा लागला. पुढच्याच वर्षी त्यांना न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाने आसरा दिला. कोलंबियाचे नाव निघताच आमचे कान टवकारले. १९१३ ते १९१६ या काळात आमचे बाबासाहेब तेथेच शिकले होते.

त्या विद्वानांपैकी ॲडोर्नो आणि हॉर्कहायमर या दोघांनी पुढे असे मांडले की सिनेमा, रेडिओ, मासिके हीसुद्धा आता कारखान्यातल्या मालासारखी तयार होतात. माल सारखाच, फक्त वेष्टन निराळे. हा माल पाहून दमलेला माणूस विसावतो खरा, पण प्रश्न विचारायचे विसरतो. गिरणीतले काका हसून म्हणाले, "आम्ही साच्यावर कापड विणायचो, हे साच्यावर माणसं विणतात म्हणा की!"

पण मावशींना ते पटले नाही. त्या म्हणाल्या, "मी रात्री मालिका बघते. त्यातली सून दिवसभर दागिने घालून बसते ते बघून मला हसूच येतं. मी काय ते खरं मानून बसते का? बघणारी बाई काय मातीचा गोळा आहे?"

मुलगी उडालीच. म्हणाली, "मावशी, हेच एक माणूस बोलला होता. पुढच्या रविवारी त्याचं आणते."

तो माणूस म्हणजे स्टुअर्ट हॉल.

*

स्टुअर्ट हॉल यांचा जन्म १९३२ साली जमैका बेटावर झाला. तेव्हा तेथे इंग्रजांचे राज्य होते. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेले, काही गोरेही, अशी मिसळ. वडील केळ्यांचा व्यापार करणाऱ्या एका बड्या अमेरिकन कंपनीत हिशेबाच्या खात्यात वरच्या जागेवर होते. घर खाऊनपिऊन सुखी. पण त्या घरात एक मोजपट्टी होती, कातडीच्या रंगाची. कोण किती उजळ आणि कोण किती काळा, यावर माणसाची किंमत ठरे. स्टुअर्ट घरात सर्वांत सावळे. ते जन्मले तेव्हा पाळण्यात डोकावून बहिणीने विचारले होते की हे कुलीचे पोर कोठून आणले?

'कुली' हा शब्द ऐकून आम्ही चमकलो. जमैकात कुली म्हणजे कोण? तर आपण! गुलामगिरी कायद्याने संपल्यावर मळ्यात राबायला माणसे कमी पडू लागली, म्हणून १८४५ सालापासून हिंदुस्थानातून करारावर मजूर भरभरून नेले गेले. त्यांना तेथे कुली म्हणत. म्हणजे गुलामांच्या वंशजांच्या घरातसुद्धा, आपल्याहून खालचा म्हणून दाखवायला कोणीतरी होते. बाबासाहेबांनी जातिव्यवस्थेला उतरंड म्हटले, प्रत्येक पायरीवरच्याला पाय ठेवायला खालची एक पायरी. ती उतरंड समुद्रापारही होती, फक्त तेथे ती रंगाची होती.

पुढची गोष्ट अधिक दुःखाची आहे. हीच बहीण मोठी झाली. तिचे मन एका मुलावर बसले. मुलगा डॉक्टरकी शिकणारा, चांगल्या घरचा. पण काळा. आईवडिलांनी नकार दिला. मुलीचे मन असे कोलमडले की ती पुन्हा पूर्वीसारखी झालीच नाही. तिला विजेचे झटके देण्याचे उपचार झाले. स्टुअर्ट तेव्हा सतरा वर्षांचे होते. राजकारण फक्त सभेत आणि निवडणुकीत नसते, ते घरातल्या माणसाच्या काळजात शिरून बसलेले असते, हे त्यांनी पुस्तकातून नव्हे, घरातच पाहिले. दोन वर्षांनी, १९५१ साली, शिष्यवृत्तीवर ते इंग्लंडला ऑक्सफर्डला गेले आणि राहण्यासाठी परत आले नाहीत.

मुलीने वाचणे थांबवले तेव्हा विहारात कोणीच बोलेना. मग अंगणवाडीच्या ताई हळूच म्हणाल्या, "आपल्या साप्ताहिकातले वधू-वर काढा बरं एक."

जुना अंक काढला. 'गोरी, सुशिक्षित, सुस्वरूप वधू पाहिजे.' 'मुलगी निमगोरी, बी.कॉम.' एकामागून एक. सगळे बौद्ध. आपलेच. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्यांच्या घरच्या या जाहिराती! आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागलो. कंडक्टर दादांनी तर कबूल केले, "माझ्या मोठ्या पोराच्या वेळी मीच असं लिहून दिलं होतं. लिहिताना हात अडखळलाही नाही."

ज्या साप्ताहिकात हा लेख छापला जात आहे, त्याच्याच पानांबद्दल हे लिहीत आहोत. संपादकांनी राग मानू नये. दोष एकट्या पानाचा नाही, जाहिरात लिहून देणाऱ्या आम्हा सर्वांचा आहे.

*

इंग्लंडात स्टुअर्ट हॉल यांनी आधी लंडनच्या शाळेत शिकवले. पुढे बर्मिंगहॅम विद्यापीठात रिचर्ड हॉगर्ट यांनी १९६४ साली संस्कृतीच्या अभ्यासाचे एक केंद्र काढले आणि हॉल यांना आपल्यासोबत घेतले. हॉगर्ट लीड्स शहरातल्या कामगारवस्तीत, आईबापाविना, आजीकडे वाढलेले. पुढे त्यांनी कित्येक वर्षे नोकरीधंदा करणाऱ्या प्रौढांचे वर्ग घेतले. याच विचाराचे दुसरे मोठे नाव रेमंड विल्यम्स. ते वेल्समधल्या रेल्वे सिग्नलमनचे पुत्र. त्यांनीही कामगारांच्या संध्याकाळच्या वर्गांत शिकवले. म्हणजे हा सारा विचार बड्या लोकांच्या दिवाणखान्यात नव्हे, दिवसभर राबून आलेल्या माणसांच्या बाकांवर वाढला. हे कळल्यावर आमची भीड पार चेपली. काका म्हणाले, "मग हा विषय आपलाच आहे. उगाच घाबरत होतो."

त्या केंद्रात शिक्षक आणि विद्यार्थी मिळून वाचत, मिळून लिहीत. लेख सायक्लोस्टाइल करून वाटत. हॉल यांचा सर्वांत गाजलेला लेख १९७३ साली असाच स्टेन्सिलवर निघाला. विषय होता टीव्हीवरची बातमी. त्यांचे म्हणणे आम्हाला समजले ते असे.

बातमी म्हणजे पोस्टाचे पार्सल नव्हे, की एकाने बांधले आणि दुसऱ्याने जसेच्या तसे सोडले. बातमी तयार करणारा तिच्यात एक अर्थ भरतो. कोणते चित्र दाखवायचे, कोणाला बोलू द्यायचे, कोणता शब्द वापरायचा, हे तो ठरवतो. पण बघणारा तो अर्थ आपल्या अनुभवाने उलगडतो. उलगडण्याच्या तीन तऱ्हा. पहिली, देणाऱ्याने जसे दिले तसेच मुकाट घ्यायचे. दुसरी, मोठी गोष्ट मान्य करायची, पण स्वतःपुरती सूट घ्यायची. तिसरी, देणाऱ्याचा डाव ओळखून उलट बाजूने वाचायचे.

हॉल यांनी उदाहरण दिले ते कामगाराचेच. संपावर बंधन घालणारा कायदा येतो, पगारवाढ गोठवली जाते आणि टीव्ही सांगतो की हे देशाच्या हितासाठी आहे. एक कामगार मान डोलावतो. दुसरा म्हणतो, देशहित खरे, पण माझ्या पगारासाठी मी संप करणारच. तिसरा मात्र 'देशहित' शब्द आला की तेथे 'मालकाचे हित' असे मनात वाचतो.

हे ऐकताच काकांना १९८२ साल आठवले. १८ जानेवारीला सुरू झालेला संप, अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार. काका सांगू लागले, "रोज पेपरात यायचं, संपामुळे एवढं नुकसान, तेवढं नुकसान. कोणाचं ते? मालकाचं. माझ्या घरी चुलीवर काय शिजतंय ते कधी आलं नाही. सुरुवातीला आम्ही ते वाचून हसायचो. सहा महिन्यांनी घरची माणसंच तेच वाचून आम्हाला ऐकवू लागली. तुमच्यामुळे गिरण्या बुडाल्या म्हणून." एवढे बोलून काका गप्प झाले. तिसऱ्या तऱ्हेने वाचणाऱ्याला पहिल्या तऱ्हेवर आणायला काय लागते, हे काकांनी एका वाक्यात सांगितले होते. भूक आणि रोजचा तोच मजकूर.

*

त्यापुढचा रविवार आम्ही विसरणार नाही. त्या दिवशी मुलीने दुसरे पुस्तक आणले. हॉल आणि त्यांच्या चार सहकाऱ्यांनी मिळून लिहिलेले, १९७८ साली निघालेले. त्याची सुरुवात एका खटल्यापासून होते.

५ नोव्हेंबर १९७२ रोजी बर्मिंगहॅमच्या हँड्सवर्थ भागात तीन पोरांनी एका माणसाला अडवून मारहाण केली आणि लुटले. हाती लागले काय? तीस पेन्स, चाव्या आणि पाच सिगारेटी. तो माणूस जबर जखमी झाला. गुन्हा गंभीरच होता, आणि पुस्तक लिहिणाऱ्यांनीही तो लहान म्हटलेला नाही. पण मार्च १९७३ मध्ये शिक्षा झाली ती सोळा वर्षांच्या मुलाला वीस वर्षे आणि बाकी दोघांना दहा-दहा वर्षे. एवढी जबर शिक्षा का? कारण त्या महिन्यांत सारी वर्तमानपत्रे एका नव्या शब्दाने भरली होती. 'मगिंग'. म्हणजे वाटेत अडवून लुबाडणे. आपल्या भाषेत वाटमारी. शब्द अमेरिकेतून आलेला, आणि त्याच्या मागोमाग शहरातल्या काळ्या तरुणांचे चित्रही आलेले.

हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुने कागद तपासले. वाटमारी इंग्लंडात शतकानुशतके होती. 'मगिंग' नावाचा वेगळा गुन्हा कायद्यात नव्हताच, मग तो वाढला हे मोजणार कसे? तरीही वाढल्याचे आकडे छापले जात होते. नवा होता तो गुन्हा नव्हे, नवे होते नाव. आणि हे नाव फिरत कसे होते? पोलीस सांगत, वर्तमानपत्र छापत. न्यायाधीश शिक्षा देताना लोकांमधल्या घबराटीचा दाखला देत, आणि वर्तमानपत्र न्यायाधीशांचे बोल छापून घबराट वाढवी. रहाटगाडग्यासारखे एक पोहरे दुसऱ्याला ढकलत होते.

यात सर्वांत मोलाची गोष्ट आम्हाला वाटली ती ही. बातमीदार खोटारडा असतो असे हॉल म्हणत नाहीत. त्याला वेळेत बातमी द्यायची असते, म्हणून तो आधी अधिकाऱ्याकडे जातो. पोलीस, मंत्री, न्यायालय. अधिकारी जे बोलतो त्यातून गोष्टीची चौकट ठरते. मग नंतर कोणी बोलायला आलाच, तर त्याला त्या चौकटीतच बोलावे लागते. 'तुम्ही गुन्हेगार नाही कशावरून?' असा प्रश्न आधीच पडलेला असतो आणि त्याने फक्त उत्तर द्यायचे. ज्याचा पहिला शब्द, त्याची अर्धी बाजी मारून झालेली असते.

कंडक्टर दादा म्हणाले, "हे आम्हाला कोणी शिकवायला नको. रमाबाई नगर विसरलो का आपण?"

कोण विसरेल? ११ जुलै १९९७. घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली, लोक रस्त्यावर आले आणि राज्य राखीव दलाच्या गोळीबारात दहा माणसे गेली. गॅसचे टँकर पेटवले जाणार होते म्हणून गोळ्या झाडाव्या लागल्या, असा पहिला शब्द सरकारी बाजूचा होता. पुढे गुंडेवार आयोगाने तो गोळीबार असमर्थनीय ठरवला. पण आयोगाची वाट आम्ही पाहिली नव्हती. पहिल्या दिवसापासून ती टँकरची गोष्ट आमच्यातल्या एकानेही गिळली नव्हती. "आपण तिसऱ्या तऱ्हेनेच वाचतो," दादा अभिमानाने म्हणाले. आम्ही सर्वांनी माना डोलावल्या.

तेवढ्यात मावशी म्हणाल्या, "मग त्या पोराच्या वेळी काय झालं होतं आपल्याला?"

*

ते पोर आमच्याच वसाहतीतले. एकविसाव्या वर्षात होते. बाप नाही, आई शिवणकाम करते. पोरगा एका दुकानात माल पोचवण्याच्या कामावर होता. दोन वर्षांपूर्वी स्टेशनच्या पुलावर रात्री एका माणसाला लुटले. पोलिसांनी आमच्या भागातून चार पोरे उचलली, त्यात हाही होता. दुसऱ्या दिवशी एका वर्तमानपत्रात चौघांची नावे आली. वसाहतीचे नाव ठळक आले. 'टोळी' आणि 'सराईत' हे दोन शब्द आले.

त्या बातमीचा फोटो काढून आमच्याच वसाहतीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणी टाकला? आमच्यातल्याच एकाने. खाली कोणी लिहिले, 'अशा पोरांमुळे समाजाचे नाव खराब होते'? आमच्यातल्याच दुसऱ्याने. आणि बाकीच्यांनी अंगठे दाखवले. आगीशिवाय धूर निघतो का, असे आम्ही म्हणालो. मुलगा अलीकडे केस वाढवून फिरत होता, हेही कोणाला तरी आठवले. असे काही छापून आले की मागचे सगळे आठवते आणि सगळे त्याच मापात बसते.

लुटला गेलेल्या माणसाने त्याला ओळखले नाही. त्या रात्री तो कामावर होता, हे दुकानाच्या हजेरीवहीत निघाले. थोड्याच दिवसांत तो सुटून घरी आला. ती बातमी काही छापून आली नाही. आमच्या ग्रुपवरही कोणी टाकली नाही. दुकानदाराने कामावर घेतले नाही. पोरगा गावी मामाकडे निघून गेला. त्याची आई पौर्णिमेला विहारात खीर घेऊन यायची, ती येईनाशी झाली. ती का येत नाही, असे आम्ही एकदाही विचारले नाही.

त्या रविवारी चहा निवून गेला तरी कोणी पेल्याला हात लावला नाही. हँड्सवर्थच्या पोरांची कणव येऊन आम्ही अर्धा तास बोललो होतो. पाच हजार मैलांवरचे अन्याय आम्हाला दिसत होते. पन्नास पावलांवरच्या घरात आम्ही दोन वर्षे डोकावलो नव्हतो. पुतळ्याची गोष्ट होती तेव्हा आम्ही तिसऱ्या तऱ्हेने वाचले, कारण तेथे सगळा समाज आमच्या सोबत होता. एकट्या विधवेच्या पोराची गोष्ट आली तेव्हा आम्ही पहिल्या तऱ्हेवर उतरलो. उलट आपली अब्रू राखायची म्हणून पेपरापेक्षाही मोठ्या आवाजात बोललो. जमैकातल्या त्या घरात आपल्याच लेकराला दुसऱ्याच्या डोळ्यांनी मोजत होते. आम्ही निराळे काय केले?

एक फरक मात्र लिहून ठेवला पाहिजे. हँड्सवर्थच्या पोरांकडून गुन्हा घडला होता, आमच्या पोराकडून घडला नव्हता. पण समजा घडला असता, तरी त्याच्या आईशी बोलणे टाकायचा अधिकार आम्हाला कोणी दिला होता?

*

त्याच संध्याकाळी आम्ही तिघे त्या घरी गेलो. मावशी, ताई आणि ज्याने तो फोटो ग्रुपवर टाकला होता तो. माउली मशीनवर बसली होती. तिने चहा केला. आम्ही अडखळत चुकलो म्हणून सांगितले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "तुम्ही वाचून ठरवलंत. एकदा विचारून का नाही ठरवलंत?"

याला उत्तर नव्हते. आजही नाही.

पुढच्या रविवारी आम्ही बाबासाहेबांचे जुने अग्रलेख काढले. ३१ जानेवारी १९२० रोजी त्यांनी 'मूकनायक' काढला, शाहू महाराजांनी त्यासाठी अडीच हजार रुपयांची मदत दिली. पहिल्याच अंकात बाबासाहेबांनी दाखवून दिले की मुंबई इलाख्यातली बहुतेक पत्रे आपापल्या जातीचे हित पाहतात, आणि बहिष्कृतांना बोलायला जागाच नाही. 'मूकनायक'ची पैसे भरून द्यायची जाहिरातसुद्धा 'केसरी'ने नाकारली होती. १९४३ साली पुण्यात रानडे यांच्या जयंतीच्या भाषणात बाबासाहेबांनी भारतातील वृत्तपत्रव्यवसायाचा धंदा झाला आहे, असे स्पष्ट बजावले. बर्मिंगहॅमचे केंद्र निघण्याच्या चव्वेचाळीस वर्षे आधी आमच्या बापाने हे ओळखले होते. पहिला शब्द आपला हवा, म्हणून त्यांनी अपुऱ्या पैशांत पत्रे चालवली. 'मूकनायक', 'बहिष्कृत भारत', 'जनता', 'प्रबुद्ध भारत'. आणि आम्ही त्यांचे वारस, हातात मोबाईल आल्यावर पहिला शब्द दुसऱ्याचाच पुढे ढकलत बसलो!

स्टुअर्ट हॉल २०१४ साली वारले. बर्मिंगहॅमचा तो विभाग २००२ सालीच विद्यापीठाने बंद केला. १९७९ साली हॉल स्वतः मुक्त विद्यापीठात गेले होते. ज्यांना कॉलेजची पायरी चढता आली नाही अशांना शिकवण्यासाठी. आमच्या ताईंनी नाशिकच्या मुक्त विद्यापीठातूनच बी.ए. केले, तेव्हा त्यांना याचे विशेष वाटले.

वाचकहो, आम्ही काही विद्वान झालो नाही. आजही त्या झेरॉक्समधली अर्धी पाने आम्हाला कळत नाहीत. पण चार प्रश्न आम्ही विहारातल्या फळ्यावर लिहून ठेवले आहेत, ते आपल्या घरातही विचारावेत एवढीच विनंती.

बातमीत पहिला शब्द कोणाचा आहे?

ज्याच्याबद्दल लिहिले आहे, त्याचा एक तरी शब्द आहे का?

जो शब्द वापरला आहे, 'टोळी', 'सराईत', 'जमाव', तो काढून टाकला तर उरते काय?

आणि चौथा, त्या माउलीने दिलेला. हा माणूस आपल्या ओळखीचा असेल, तर आपण त्याच्या घरी जाऊन विचारले का?

पहिले तीन प्रश्न पेपराला विचारायचे आहेत. चौथा स्वतःला.

पोरगा अजून गावीच आहे. वसाहतीत परत यायचे त्याचे मन होत नाही. आम्ही त्याच्याशी फोनवर बोललो. तो 'हो काका, नाही काका' एवढेच बोलला. ग्रुपवर आम्ही दोन वर्षे उशिरा का होईना, तो सुटल्याची बातमी टाकली आणि खाली आमची नावे घालून माफी मागितली. काहींनी अंगठे दाखवले. काहींनी विचारले, "कोण हा?"

मागच्या पौर्णिमेला त्याची आई विहारात आली होती. मागच्या ओळीत बसली. वंदना झाल्यावर मावशी तिच्याशेजारी जाऊन बसल्या. त्या दिवशी आम्ही चर्चेला बसलो नाही.

जयभीम.